जाळीपलीकडचे मौन



क्वेबेक शहरातला रात्रीचा रस्ता. एकेरी वाहतुकीच्या पाट्यांवरचे बाण कॅमेऱ्याला पुढे पुढे नेतात आणि शेवटचा बाण एका खिडकीपाशी आणून सोडतो. आत जमिनीवर व्हिलेट नावाच्या वकिलाचे प्रेत पडले आहे. त्या घरातून पायघोळ झगा घातलेला एक पाद्री बाहेर पडतो. दोन लहान मुली त्याला जाताना पाहतात. पुढे एका गल्लीत तो अंगातला झगा उतरवतो, आणि तो पाद्री नव्हताच हे आपल्याला कळते. तो ओटो केलर आहे, चर्चच्या घरी राहून झाडलोट आणि देखभाल करणारा जर्मन निर्वासित. तो चर्चमध्ये शिरतो. त्याची चाहूल लागून फादर मायकल लोगन खाली येतात. केलर म्हणतो, मला पापनिवेदन करायचे आहे. मग पापनिवेदनाच्या कक्षातल्या जाळीच्या एका बाजूला खुनी आणि दुसऱ्या बाजूला तरुण फादर. खुनाचा उच्चार कानावर पडतो तेव्हा लोगन झालेल्या माँटगोमेरी क्लिफ्टच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही, बदलतात ते फक्त डोळे. त्या क्षणापासून शेवटपर्यंत हे डोळेच बोलतात, कारण पापनिवेदनात ऐकलेले उघड करायची मनाई असल्याने फादरच्या तोंडाला कुलूप लागलेले आहे.

हा आल्फ्रेड हिचकॉकचा ‘आय कन्फेस’. चित्रपट १९५३ सालचा, पण त्याचे मूळ पॉल आँतेल्म या फ्रेंच लेखकाच्या १९०२ मधल्या नाटकात आहे. खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच कळून चुकते, त्यामुळे रहस्यकथेचा नेहमीचा प्रश्न इथे उरतच नाही. उरतो तो वेगळाच प्रश्न. संशय फादर लोगनवर येतो. झगा पाहणाऱ्या मुली आहेत. रूथ ग्रँडफोर्ट या विवाहित स्त्रीचे युद्धापूर्वी लोगनवर प्रेम होते आणि त्याच जुन्या गोष्टीवरून व्हिलेट तिला धमकावत होता, म्हणजे खुनाचा हेतूही सापडतो. लोगनला वाचवावे म्हणून रूथ स्वतःची अब्रू पणाला लावून पोलिसांना सांगते की त्या रात्री आम्ही बरोबर होतो. पण डॉक्टरांच्या मते मृत्यू त्यांची भेट संपल्यानंतरचा ठरतो. तिच्या साक्षीने लोगन सुटत तर नाहीच, उलट त्याच्याविरुद्धचा हेतू मात्र पक्का होतो. केलर रक्ताने माखलेला झगा लोगनच्या पेटीत ठेवतो. खरे सांगितले तर लोगन सुटेल, आणि नेमके तेच तो सांगू शकत नाही.

या चित्रपटावरचा सर्वांत जुना आक्षेप खुद्द हिचकॉकनेच नोंदवून ठेवला आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत तो कबूल करतो की कॅथलिक माणसाला लोगनचे गप्प राहणे लगेच पटते, पण इतरांना ते हास्यास्पद वाटते, म्हणून हा चित्रपट करायलाच नको होता. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळेत शिकलेल्या माणसाने इतके म्हणावे ही साधी गोष्ट नाही. मराठी प्रेक्षकालाही बहुधा तसेच वाटेल. एका खुन्याला दिलेल्या शब्दापायी निरपराध माणसाने फासावर का जावे? आजच्या व्याख्यानात या प्रश्नाला एक उत्तर मांडण्याचा माझा प्रयत्न आहे. माझे म्हणणे असे की लोगनचे मौन योग्य आहे, आणि ते योग्य ठरते कारण त्याची किंमत तो स्वतः मोजतो. या मौनाचा मान राखावा की नाही हे ठरवताना पहिल्यांदा पाहायचे ते एवढेच, की गप्प राहण्याचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते.

आधी हे बंधन नेमके काय आहे ते पाहू. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताला वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करणे बंधनकारक केले, आणि त्याच कलमात सांगितले की जो धर्मगुरू ऐकलेले पाप उघड करील त्याला पदावरून दूर करून जन्मभर प्रायश्चित्तासाठी कडक मठात कोंडावे. आजच्या कॅथलिक धर्मविधानात, १९८३ च्या संहितेत, कलम ९८३ आहे. शब्दाने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे, कोणत्याही कारणासाठी पापनिवेदकाचा विश्वासघात करता येणार नाही, असे ते सांगते. जाणूनबुजून थेट भंग करणारा त्याच क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. पण माझ्या मते त्याहून कठोर आहे ते पुढचे कलम, ९८४. पापनिवेदकाचे नुकसान होईल अशा रीतीने त्या माहितीचा वापरही करायचा नाही, मग गौप्यस्फोटाचा धोका मुळीच नसला तरी. म्हणजे तोंड बंद ठेवून भागत नाही. वागणूकही बदलता येत नाही. केलर सकाळी त्याच घरात काम करताना दिसणार, त्याची बायको आल्मा न्याहारी वाढणार, आणि लोगनने कालच्यासारखेच वागायचे. केलरचा पश्चात्ताप खोटा निघाला, त्याला पापक्षमा मिळाली नाही, तरी बंधन सुटत नाही.

चौकशीत आणि न्यायालयात लोगन जी उत्तरे देतो ती ऐकताना मराठी कानाला एक गोष्ट विशेष जाणवावी. झगा पेटीत कसा आला, त्या रात्री काय घडले, असे विचारले की तो खोटे एक अक्षर बोलत नाही. त्याच्या उत्तरांचा अर्थ आपल्या भाषेत अगदी चपखल बसतो: सांगता येत नाही. मराठीत ‘सांगता येत नाही’ म्हणजे मला ठाऊक नाही, असेही होते आणि ठाऊक आहे पण सांगायची मुभा नाही, असेही होते. तपास करणारा इन्स्पेक्टर लारू पहिला अर्थ घेत नाही, आणि दुसऱ्या अर्थातली मुभा कोणी काढून घेतली हे त्याला उमगत नाही, म्हणून तो तिसरा अर्थ लावतो, की हा गुन्हेगार आहे. कार्ल माल्डनचा लारू मूर्ख नाही, दुष्टही नाही. व्हिलेटच्या घराच्या खिडकीतून तो लोगनला रूथशी बोलताना पाहतो, तेव्हा पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याआडून त्याचा एकच डोळा आपल्याला दिसतो. त्या डोळ्याला दिसलेले सगळे खरे असते. फक्त ते अर्धेच असते.

आपल्याला लोगन परका वाटण्याचे एक कारण आपल्या परंपरेतही आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. योगायोग पाहा, ज्या १९५३ साली हा चित्रपट आला त्याच साली महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड प्रसिद्ध झाला, आणि त्यात पातक आणि प्रायश्चित्त या विषयाचे सविस्तर विवेचन आहे. स्मृतींनी प्रायश्चित्ताचे दोन मार्ग केले आहेत. जे पाप लोकांना माहीत झाले आहे त्याचे प्रायश्चित्त विद्वानांच्या परिषदेपुढे ते सांगून, परिषद सांगेल तसे करायचे. जे कोणालाच ठाऊक नाही त्याच्यासाठी रहस्य-प्रायश्चित्त, जप, उपवास, प्राणायाम, ते ज्याचे त्यानेच एकांतात करायचे. म्हणजे पाप एक तर चारचौघांपुढे किंवा मग फक्त स्वतःपुढे. या दोहोंच्या मधला माणूस, जो दुसऱ्याचे पाप ऐकतो आणि मरेपर्यंत ते पोटात ठेवतो, तो स्मृतींच्या या व्यवस्थेत नाही. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांना मात्र तो पिढ्यानपिढ्या परिचित आहे. कोकणीत त्या विधीला कुमसार म्हणतात, आणि कुमसार म्हटले की त्यातली गुप्तता वेगळी सांगावी लागत नाही.

आता मूळ मुद्दा. लोगनने बोलायला हवे होते असे म्हणणारा माणूस धरून चालतो की माहिती लोगनकडे आहेच, ती तो दडवून ठेवतो आहे. पण ती माहिती त्याच्याकडे आली कशी? केलरने सांगितली ती लोगन गप्प राहणार या भरवशावर. पाद्री उद्या पोलिसांना सांगेल असा नियम असता तर केलर जाळीपाशी आलाच नसता आणि लोगनला काहीच कळले नसते. बांध घातला म्हणून तळ्यात पाणी साचले, आता पाणी हवे म्हणून बांध फोडा, असे सांगण्यासारखे ते आहे. एकदा फोडला की त्या वेळचे पाणी मिळेल, पुढच्या वेळी तळे कोरडे असेल. आणि जाळीपाशी काहीच घडत नाही असेही नाही. १८१३ साली न्यूयॉर्कमध्ये चोरीचा माल अँथनी कोलमन या जेझुइट फादरच्या हातून मालकाला परत मिळाला. तो परत मिळाला तो पापनिवेदनामुळेच. सरकारी पक्षाने फादरला विचारले, माल कोणी दिला. फादर म्हणाले, तुरुंगात जाईन पण सांगणार नाही. शहराचे महापौर डी विट क्लिंटन त्या न्यायालयाचे अध्यक्ष होते. ते आणि त्यांचे सहकारी कॅथलिक नव्हते, तरी फादरला साक्षीची सक्ती करता येणार नाही असा निकाल त्यांनी दिला, आणि १८२८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याचा कायदा केला. त्या मालकाला त्याची वस्तू मिळाली होती. पोलिसांच्या मार्गाने ती मिळालीच असती असे कोण सांगणार?

यावर कोणी म्हणेल, हा धर्माला दिलेला खास अधिकार झाला, निधर्मी राज्यात त्याला जागा काय? त्याला उत्तर आपल्याच कायद्यात आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने दोन प्रकारच्या खासगी गुपितांना संरक्षण दिले. वकील आणि अशील यांच्यातले बोलणे, कलम १२६, आणि पतिपत्नींमधले बोलणे, कलम १२२. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तत्त्वे कलम १३२ आणि १२८ म्हणून आली आहेत. धर्मगुरूचा उल्लेख ना तेव्हा होता, ना आज आहे. उलट खुनाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने, वाजवी सबब नसेल तर, ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला द्यायची असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३९ सांगत होते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३ आजही सांगते. तेव्हा खासगी विश्वासाला कायदा अपरिचित नाही. त्याने स्वतःला महत्त्वाच्या वाटलेल्या नात्यांची निवड केली आहे, आणि ती निवड तपासून पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे.

हे तपासायला आल्मापेक्षा चांगले उदाहरण नाही. चित्रपटात केलरने खून सांगितला तो दोघांना, फादरला आणि बायकोला. हा खटला भारतात चालला असता तर काय झाले असते? नवऱ्याने संसारात आपल्याला सांगितलेली गोष्ट आल्माला सांगायची सक्ती तर करता आली नसतीच, पण तिला स्वतःला सांगावेसे वाटले असते तरी केलरच्या संमतीवाचून कायद्याने तिला बोलू दिले नसते. तिने डोळ्यांनी जे पाहिले तेवढे ती सांगू शकली असती. १९५४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात नेमकी हीच रेघ ओढली: नवरा पहाटे छपरावरून उतरला, त्याने आंघोळ केली, हे बायकोने पाहिले ते ग्राह्य, आणि तो तिला काय म्हणाला ते अग्राह्य. म्हणजे मन जळते आहे, सत्य सांगायला जीव तळमळतो आहे, त्या आल्माचे तोंड हा कायदा बंद करतो. आणि ज्याने आयुष्यभराची शपथ घेऊन तोंड बंद ठेवले आहे त्या लोगनला मात्र तोच कायदा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करून बोल म्हणतो. संसारातला विश्वास मोडला तर घर मोडेल असे कायदेकर्त्यांना वाटले. हे योग्यच होते. पण जाळीपाशी गुडघे टेकणाऱ्या माणसाचा विश्वासही तितकाच खरा असतो, हे त्यांच्या लक्षात आले नाही, किंवा आले तरी त्यांनी त्याला जागा दिली नाही.

या नकाराचे मूळ इंग्लंडात आहे. पुरावा अधिनियमाचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ज्या कायद्यात वाढले तो कायदा पाद्रीला ही सवलत देत नव्हता. १८६० साली रोड हिल येथे सव्हिल केंट नावाच्या, चार वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाचा खून झाला. गुप्तहेर विचर यांनी त्याची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिच्यावर संशय घेतला, पण तो सिद्ध झाला नाही आणि त्यांचीच नाचक्की झाली. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, कॉन्स्टन्सने लंडनच्या दंडाधिकाऱ्यासमोर स्वतः गुन्हा कबूल केला. तिला तिथवर घेऊन आले होते ब्रायटनचे अँग्लिकन पाद्री आर्थर वॅग्नर. पापनिवेदनात तिने काय सांगितले हे सांगायला त्यांनी नकार दिला, तेव्हा संसदेत गदारोळ झाला, आणि असा कोणताही अधिकार पाद्रीला नाही असे लॉर्ड चॅन्सेलरने जाहीर केले. पण गदारोळात मूळ गोष्ट बाजूला राहिली. विचरसारख्या कसबी माणसाला जे जमले नाही ते घडले ते जाळीपाशीच. पाद्रीने तिचे गुपित फोडले नाही, तरी ती स्वतःच्या पायांनी चालत न्यायालयात गेली.

आता कठीण आक्षेपाकडे यावे लागते. लोगन स्वतः मरायला तयार आहे, ते ठीक. पण तुरुंगात दुसराच निरपराध खितपत पडला असेल तर? हे कल्पनेतले नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९८७ मध्ये एक खून झाला आणि दोन तरुणांना शिक्षा झाली. शिक्षा सुनावण्यापूर्वीच खऱ्या गुन्हेगारांपैकी एकाने आपला हात त्यात असल्याचे एका फादरला सांगितले. तो माणूस १९९७ मध्ये मेला. त्यानंतर काही काळाने फादरांनी ठरवले की ते बोलणे विधिवत पापनिवेदन नव्हते, मनमोकळे बोलणे होते, आणि ते न्यायालयात बोलले. २००१ मध्ये न्यायाधीश डेनी चिन यांनी एका तरुणाची सुटका केली. तोवर तारुण्य निघून गेले होते. शिकागोत तर त्याहून भयंकर घडले. १९८२ च्या एका खुनासाठी एकाला जन्मठेप झाली. खून आपण केला असे दुसऱ्या एका माणसाने आपल्या वकिलांना सांगितले होते. त्या दोघा वकिलांनी ते लिहून काढले, प्रतिज्ञापत्र पत्र्याच्या पेटीत बंद केले आणि अशील जिवंत असेपर्यंत गप्प राहिले. अशील २००७ मध्ये वारला, पेटी उघडली, आणि २६ वर्षे आत काढलेला माणूस २००८ मध्ये बाहेर आला. त्याचे आडनाव लोगन होते.

या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवल्या. पहिलीत धर्मगुरू आहे, दुसरीत वकील. दुसरीतले मौन बहुतेक देशांचा कायदा मान्य करतो, तरी तिथे २६ वर्षे गेली आणि ती त्या वकिलांच्या आयुष्यातली नव्हेत. चित्रपटातल्या लोगनचे मौन आणि शिकागोच्या वकिलांचे मौन यांतला फरक मला हाच वाटतो. पहिल्यात फाशीचा दोर गप्प बसणाऱ्याच्या गळ्यात आहे. दुसऱ्यात तो तिसऱ्याच्याच गळ्यात आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ मध्ये एका खुनाच्या खटल्यात धर्मगुरूला सरसकट संरक्षण नाकारले आणि प्रत्येक प्रसंगी विश्वासाचे आणि न्यायाचे पारडे तोलून पाहायला सांगितले. उलट कॅनडातल्याच क्वेबेक प्रांताचा १९७५ मध्ये संमत झालेला हक्कांचा सनदी कायदा धर्मगुरूच्या गुप्ततेचा स्पष्ट उल्लेख करतो. मला या बाबतीत क्वेबेकची वाट अधिक बरी वाटते, कारण तोलून पाहू म्हटले की पापनिवेदकाला आधी काहीच कळत नाही, आणि अनिश्चित आश्वासनावर कोणीही मन मोकळे करत नाही. पण क्वेबेकच्या वाटेने जायचे तर पुढचा, सर्वांत जड आक्षेप टाळता येत नाही.

तो मुलांचा. लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या राजआयोगाने डिसेंबर २०१७ च्या अंतिम अहवालात शिफारस केली की बालकांवरील अत्याचार पापनिवेदनात कळला तरी तो कळवणे बंधनकारक करावे, आणि तिथल्या अनेक राज्यांनी पुढे तसे कायदे केले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०२५ मध्ये तसाच कायदा केला आणि संघीय न्यायालयाने त्याच्या पापनिवेदनाविषयीच्या भागाला स्थगिती दिली. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ माहिती असलेल्या प्रत्येकाला कळवायला सांगते. त्यात धर्मगुरूला सूट नाही. चर्चचे म्हणणे असे की जाळी उघडी पडली तर गुन्हेगार तिथे येणारच नाही आणि त्याला सुधारण्याची एकमेव संधी जाईल. त्यात तथ्य आहे, आणि हेही खरे की चर्चमधली असंख्य प्रकरणे दडपली गेली ती पापनिवेदनातल्या गुप्ततेमुळे नव्हे, बिशपांच्या कचेऱ्यांतल्या कागदांमुळे आणि गुपचूप केलेल्या बदल्यांमुळे. तरीही मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. व्हॅटिकनच्या प्रायश्चित्त न्यायपीठाने १ जुलै २०१९ रोजी स्पष्ट केले की पोलिसांकडे जा ही पापक्षमेची अट म्हणून घालता येणार नाही. मागच्या गुन्ह्याच्या बाबतीत हे मी समजू शकतो. पण ज्या घरात मुलाला रात्री पुन्हा तोच माणूस भेटणार आहे तिथे या मौनाचा भार मूल पेलते, फादर नव्हे.

म्हणून मला वाटते की कायद्याने धर्मगुरूला वकिलाच्याच पंक्तीला बसवावे. वकिलाच्या संरक्षणाला आपल्या कायद्यात अपवाद आहे: बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी साधलेला संवाद सुरक्षित नाही. तसे घडून गेलेल्या गुन्ह्याचे निवेदन सुरक्षित राहावे, आणि चालू असलेल्या किंवा पुढे घडणाऱ्या अत्याचाराला हे संरक्षण नसावे. श्रद्धावंत कॅथलिक म्हणतील, धर्मविधान अपवाद मानत नाही. बरोबर. ऑस्ट्रेलियातले मेलबर्नचे तत्कालीन आर्चबिशप डेनिस हार्ट म्हणालेच होते की गुप्तता मोडण्यापेक्षा मी तुरुंगात जाईन. मला त्यात अडचण दिसत नाही. ज्याला कायद्याहून वरचे बंधन पाळायचे आहे त्याने कायद्याची शिक्षा भोगून ते पाळावे. तेच लोगन करतो. तो न्यायालयाला मला सोडा म्हणत नाही, कायदा बदला म्हणत नाही. तो उभा राहतो.

आणखी एक आक्षेप थोडक्यात. २०१८ मध्ये केरळमधल्या काही पाद्रींवर, एका स्त्रीच्या पापनिवेदनातले गुपित वापरून तिला धमकावल्याचा आरोप झाला, आणि राष्ट्रीय महिला आयोगाने पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. आरोपामागची वेदना खरी मानूनही हा उपाय मला उलटा वाटतो. तो आरोप गुप्तता पाळल्याचा नाही, ती फोडल्याचा आहे. कलम ९८४ मधली ‘वापर करू नका’ ही मनाई नेमकी अशाच स्त्रीसाठी असते. जाळीमागच्या माणसाने गुपित फोडले तर त्याला शिक्षा करायला देशाच्या कायद्यानेही तयार असावे, म्हणजे विश्वास टाकणाऱ्यांना त्याचा आधार होईल.

आता पुन्हा चित्रपटाकडे, कारण माझ्या कसोटीने त्यालाही तपासले पाहिजे. सुरुवातीच्या पटकथेत लोगनला रूथपासून मूल होते आणि शेवटी तो फाशी जातो. निर्मात्या वॉर्नर ब्रदर्सला ते नको होते, म्हणून ते बदलले. ज्यूरी पुराव्याअभावी लोगनला निर्दोष ठरवते, न्यायाधीश जाहीरपणे म्हणतो की मला हे पटलेले नाही, आणि बाहेर जमलेली गर्दी त्याच्या अंगावर धावून जाते. डॉली हासची आल्मा हे पाहते आणि तिला ते सहन होत नाही. ती लोगनकडे धावते, त्याचा दोष नाही असे सांगू लागते, आणि केलर तिला गोळी घालतो. पुढे शातो फ्राँटनाक हॉटेलमध्ये तो एका स्वयंपाक्यालाही मारतो. म्हणजे लोगन वाचला आणि किंमत शेवटी दोघांनी मोजली, ज्यांचा या व्यवहाराशी संबंध नव्हता. हा माझ्या मांडणीवर सर्वांत मोठा घाव आहे, आणि तो मी लपवणार नाही. पण नीट पाहिले तर आल्मा लोगनच्या मौनामुळे मरत नाही. ती स्वतः मौन मोडते म्हणून मरते. मारतो तो केलर, ज्याच्या सोयीचे ते मौन होते.

आणि केलरला आपल्या सोयीच्या त्या मौनावरही विश्वास नसतो. हॉटेलच्या नाचघरात पोलिसांनी वेढलेला असताना लोगनला येताना पाहून त्याला वाटते, या माणसाने नक्कीच सगळे सांगितले असणार. म्हणून तो लोगनला टोचून बोलू लागतो, आणि बोलता बोलता इन्स्पेक्टरसमोर आपला खून स्वतःच उघडा करतो. लोगनच्या शब्दावर ज्याचा जीव अवलंबून होता त्यालाच तो शब्द पाळला जाईल असे कधी वाटले नव्हते. निःशस्त्र लोगन त्याच्याकडे चालत जातो. केलर पिस्तूल रोखतो, पोलिसांची गोळी त्याला लागते. मरताना तो क्षमा मागतो. लोगन त्याच्याजवळ खाली वाकून क्षमेची प्रार्थना म्हणतो. या वेळी मध्ये जाळी नाही, आणि भोवती उभे असलेले सगळे ऐकत आहेत.